मातीत ठेवलेला बूट

मी एक जुना बूट आहे. डाव्या पायाचा. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण पुढं हसण्यासारखं फार नाही आणि मला कुणी हसलेलं आवडतही नाही.

मित्रांनो, तुम्हाला मित्रांनो म्हणतोय ते तशी पद्धत आहे म्हणून. खरं सांगायचं तर तुमच्यापैकी एकानंही मला कधी मायेनं हात लावलेला नाही. तुमच्या दौंड तालुक्यात, भीमेकाठच्या एका गावात, तालमीमागच्या बाभळीखाली मी दोन वर्षं पडून आहे. शेजारी माझा जोडीदार आहे, उजवा. तो बोलत नाही. पहिल्यापासून मंदच आहे तो. मला मराठी कशी येते म्हणून विचाराल, तर भिंतीपलीकडून वस्ताद हौसरावांच्या शिव्या दोन वर्षं रोज ऐकल्यावर दगडालाही मराठी येईल.

माझा जन्म कोरिया देशातला. तिथं बुसान नावाचं बंदर आहे. १९९१ साली त्या गावात घरटी एक माणूस बुटांच्या कारखान्यात असायचं. मला शिवणारी बाई दिवसाला नव्वद जोड शिवायची आणि दर जोडाला एक शिवी द्यायची. माझ्या वेळी तिच्या बोटात सुई घुसली होती, त्यामुळं मला दोन मिळाल्या.

मी तुमच्या शाळेच्या बुटासारखा नाही, हे आधीच सांगून ठेवतो. मी कुस्तीचा बूट. मला टाच नाही. तळ इतका पातळ की खाली पडलेला तांदळाचा दाणाही पायाला कळावा. घोट्याच्या वर चार बोटं बांधायचा आणि गादीवर उतरायचं. तिकडची कुस्ती मातीत होत नाही, फोमच्या गादीवर होते. तिला मॅट म्हणतात. रस्त्यावर चालायला मी अगदी कुचकामी आहे, आणि त्याचा मला अभिमान आहे.

माझ्या मालकाचं नाव चांग मान-सोक. कोळशाच्या खाणीत राबणाऱ्या बापाचा पोरगा, वय एकोणीस, वजन अडुसष्ट किलो. त्याच्या प्रशिक्षकानं आमचा जोड त्याच्या अंगावर फेकला आणि म्हणाला, "हे फाटायच्या आत जिंकून दाखव." एवढाच आमचा नामकरण विधी. मान-सोकनं मात्र एक केलं. सरावाला तो दुसरे फाटके बूट वापरायचा. आम्हाला फक्त सामन्याच्या दिवशी बाहेर काढायचा, ओल्या फडक्यानं पुसायचा आणि मग पायात घालायचा. त्याच्या पायाला वास यायचा. अंगठ्याचं नख तर मला सात वर्षं टोचत होतं. पण आत पाय आला की मी बूट आहे असं मला वाटायचं, हे कबूल करतो.

आम्ही देशोदेशी फिरलो. फिरलो म्हणजे काय, विमानतळ, वसतिगृह आणि मॅट. बाकी जग आम्ही पाहिलंच नाही. पहिली परदेशातली कुस्ती इराणमध्ये झाली. बारा हजार माणसं बसलेली आणि बाराच्या बारा हजार आमच्या विरोधात. संत्र्याच्या साली, बाटल्यांची बुचं, काय वाटेल ते अंगावर येत होतं. एक साल माझ्या लेसमध्ये येऊन अडकली. मान-सोकनं त्यांच्या पैलवानाचा पट काढला, म्हणजे पाय ओढून त्याला खाली घेतला, एक गुण. पुन्हा पट, पुन्हा एक गुण. तिकडं असंच असतं. पाच मिनिटं लढायचं, खाली घेतलं की गुण, पाठ गादीकडं वळवली की जास्त गुण, आणि बाकावर बसलेले तीन पंच पाट्या वर करतात. मान-सोक चार विरुद्ध तीन असा जिंकला. टाळी एकानंही वाजवली नाही. आम्ही पोलिसांच्या मधून बाहेर पडलो.

पुढं बल्गेरियात एकानं त्याचं बोट मोडलं. तुर्कस्तानात त्यानं दुसऱ्याचं मोडलं. मान-सोक गोड माणूस होता असं मी म्हणणार नाही. मॅटवर तो दातओठ खाऊन उतरायचा आणि जिंकला तरी तसाच परतायचा. 'कोरियाचा खाणवाला' असं त्याच्याविषयी एका पेपरात छापून आलं होतं. ते कात्रण त्यानं घडी करून माझ्याच आत ठेवलं होतं. घामानं त्याचा लगदा झाला.

मग आशियातली एक मोठी स्पर्धा आली आणि मान-सोक अंतिम कुस्तीपर्यंत पोचला. त्यांच्या देशात अशा स्पर्धेत सुवर्णपदक मिळालं तर सक्तीची लष्करी नोकरी माफ होते. रौप्यपदकाला माफी नाही. शेवटची अकरा सेकंदं राहिली होती आणि गुण सारखे होते. समोरच्यानं झेप घेतली आणि डावा घोटा धरला. डावा म्हणजे मी. मी जरा घसरलो असतो तर पाय सुटला असता. पण मी अजून नव्यासारखा होतो, घट्ट होतो, त्याच्या मुठीत बरोबर बसलो. मान-सोक खाली गेला. एक गुण गेला, सुवर्ण गेलं, आणि पुढची दोन वर्षं लष्करात गेली. त्या दिवशी वसतिगृहात येऊन त्यानं मला भिंतीवर आपटलं. उजव्याला काही केलं नाही. मला मालकाचा राग आला, पण मार अन्यायाचा होता असं मी आजही म्हणू शकत नाही.

लष्करातून सुटल्यावर एका कंपनीनं त्याला आपल्या कुस्तीसंघात घेतलं. कागदावर तो कामगार, प्रत्यक्षात पैलवान. गुडघा दुखायला लागला होता. नवीन पोरं वर आली होती. ऑलिंपिकच्या निवडीत एका वीस वर्षांच्या पोरानं त्याला हरवलं आणि वर हसून दाखवलं. तरी मान-सोक थांबला नाही. "अजून दोन वर्षं," तो प्रशिक्षकाला म्हणायचा. मग सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णवला त्यांच्या देशावर पैशाचं मोठं संकट आलं. कंपन्यांनी आधी काय बंद केलं असेल? कुस्तीचे संघ. एका सकाळी सरावाच्या दारावर कागद चिकटवलेला होता. संघ बरखास्त. मान-सोकनं तो दोनदा वाचला आणि दाराचं कुलूप हलवून पाहिलं.

मित्रांनो, इथं नीट लक्ष द्या. आमच्यात एक रीत आहे. पैलवान कुस्ती सोडतो तेव्हा शेवटची कुस्ती झाल्यावर मॅटच्या मधोमध बसतो, बूट काढतो, दोन्ही बूट शेजारी शेजारी ठेवतो आणि मागं न बघता अनवाणी निघून जातो. सगळं सभागृह उभं राहतं. बुटाच्या जन्मात याहून मोठा मान नाही. आम्ही सगळे त्यासाठीच जगतो. आणि आमच्या मालकाला कुलूप मिळालं. ना शेवटची कुस्ती, ना मॅट, ना सभागृह. आता आम्हाला ठेवायचं तरी कुठं? फेकून देणं त्याच्यानं झालं नाही. पिशवीत घालून तो आम्हाला घेऊन गेला आणि त्याच कंपनीच्या कारखान्यात कपडे धुण्याची यंत्रं जोडायला लागला. सात वर्षं तो यंत्रं जोडत होता, आणि सात वर्षं आम्ही पिशवीत.

२००५ साली कंपनीनं तुमच्या शिरूर तालुक्यातल्या एमआयडीसीत कारखाना काढला आणि मान-सोकला सुपरवायझर म्हणून पाठवला. कारखान्याच्या दारात पादत्राणांचं एक मोठं रॅक होतं. आत जाताना सगळ्यांनी चपला तिथं काढायच्या आणि कंपनीचे निळे बूट घालायचे. त्या रॅकच्या सगळ्यात वरच्या खणात मान-सोकनं आम्हाला ठेवलं. घरी ठेवता आलं असतं. पण रोज आत जाताना तो एकदा आमच्याकडं बघायचा, मग आत जाऊन ओरडायला सुरुवात करायचा.

ओरडायचा म्हणजे किती! हातात स्टॉपवॉच. "पल्ली, पल्ली!" म्हणजे चला, लवकर. अकरा सेकंदांनी पदक गेलेला माणूस तो, त्याला दर यंत्रामागं अकरा सेकंदं वाचवायची असायची. चुकलेल्या माणसाला तो सगळ्यांदेखत लाइनीच्या शेवटी उभा करायचा. कामगार त्याला 'चायनावाला' म्हणायचे. तो चीनचा नव्हता हे सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणूनच म्हणायचे. खालच्या खणातल्या चपला तर आमच्यावर डूख धरूनच होत्या. "वर काय सायबाचा देव बसावलाय काय?" असं रोज कुणीतरी म्हणायचं.

आणि एके दिवशी कुणीतरी उजव्याच्या आत तंबाखूचा मावा थुंकला. चांगला तोंड भरून. उजवा एरवी बोलत नाही, पण त्या दिवशी त्याची जी अवस्था झाली ती मी विसरणार नाही. शिफ्ट सुटली तेव्हा मान-सोकनं बूट उचलला, आत पाहिलं आणि बारा माणसांना रॅकसमोर रांगेत उभं केलं. त्यानं ऑफिसातून स्वप्नालीला बोलावलं. ही तळेगाव ढमढेऱ्याची मुलगी, इंग्रजी चांगलं होतं आणि थोडं कोरियनही शिकली होती. साहेब आणि कामगार यांच्या मधली सगळी बोलणी तिच्याच तोंडून व्हायची, त्यामुळं दोन्हीकडच्या शिव्याही तिलाच खाव्या लागायच्या.

"कुणी केलं ते सांगा. सर फार चिडलेत," ती म्हणाली.

मान-सोक एकेकाच्या तोंडाजवळ जाऊन वास घेऊ लागला. रांगेच्या टोकाला संपत उभा होता. धनगरवस्तीवरचा, बाविशीतला, मान आणि खांदा एकच असलेला गडी.

"म्याडम, सायबाला सांगा, मी तंबाकूला शिवत न्हाई," संपत म्हणाला. "पैलवान हाय मी."

"मग कुणी केलं ते तरी सांग."

"त्ये मी न्हाई सांगायचो. बगितलंय, पर सांगायचो न्हाई."

स्वप्नालीनं ते साहेबाला सांगितलं. पैलवान या शब्दाशी मान-सोक थांबला. तो संपतच्या पुढ्यात गेला आणि त्यानं त्याचा कान धरला. बाकीच्यांना वाटलं, साहेब मास्तरासारखा कान पिळतोय. संपतलाही तसंच वाटलं. त्यानं साहेबाचा हात असा झटकला की मनगट रॅकवर आपटलं आणि मी खणात हललो. पण मान-सोक नुसता बघत होता. त्यानं आपला स्वतःचा कान पुढं केला. दोन्ही कान एकसारखे होते, मोडलेले, सुजून घट्ट झालेले. जगातल्या कुठल्याही पैलवानाचे कान असेच होतात.

"कुठं खेळतोस, विचारतायत," स्वप्नाली म्हणाली.

"जत्रंला या म्हणावं," संपत म्हणाला. "तितं सुपरवायझर नसतो."

स्वप्नाली जरा घुटमळली, पण तिनं ते जसंच्या तसं सांगितलं. मान-सोकनं मान हलवली. आणि तरीही त्यानं संपतला कामावरून काढलंच, नाव सांगितलं नाही म्हणून. असा माणूस होता तो. मग नळाखाली बसून त्यानं आपल्या दात घासायच्या ब्रशनं उजव्याला आतून धुतलं. घासताना तो स्वतःशी काहीतरी बोलत होता. "एक कुस्ती. फक्त एक. मग तुम्हाला ठेवतो." आठ वर्षं ज्याची वाट बघितली ते वाक्य मी ऐकलं. मला इतका आनंद झाला की पुढचं संकट दिसलंच नाही.

चैत्रात संपतच्या गावी भैरवनाथाची जत्रा होती. संपतशी कुस्ती धरायला मान-सोक जीपनं निघाला, सोबत स्वप्नाली. भीमेच्या पुलावर तो तिला म्हणाला, "आमच्याकडं कुस्ती सोडताना बूट ठेवून जातात. आज मी या बुटांचा निरोप घेणार." ती म्हणाली, "बरं, सर." तिचं लक्ष नव्हतं. साहेबाला गावात मार पडला तर काय करायचं, याच विचारात ती होती.

जत्रेचा हौद तालमीच्या पुढ्यातच होता. हौद म्हणजे कुस्तीसाठी तयार केलेली लाल मातीची मोठी चौकट. त्या मातीत वर्षानुवर्षं ताक, हळद, तेल, लिंबू मुरवलेलं. पैलवान आधी तिच्या पाया पडतात आणि मगच उतरतात. मला हे काही ठाऊक नव्हतं. मला तो नुसता चिखलाचा खड्डा वाटला. मान-सोक पायात आम्हाला घालून हौदाकडं निघाला तशी एक काठी आडवी आली. फेटा बांधलेले साठीचे वस्ताद, हौसराव.

"बूट भाईर," ते म्हणाले.

मान-सोकला वाटलं, इथं अनवाणी लढतात. त्यानं मुकाट्यानं आम्हाला काढलं आणि जीपच्या बॉनेटवर ठेवलं. तिथून सगळं दिसत होतं. हौदाभोवती तीन-चार हजार माणसं असतील. मला इराण आठवलं. संत्र्याच्या साली नव्हत्या, एवढाच फरक.

"चायनावाला आला!" "पैलवान, यंत्रात घालून पिळ त्येला!" हलगी कडाडत होती. संपत लंगोट लावून उभा होता, नोकरी गेलेल्या माणसाच्या डोळ्यांनी साहेबाकडं बघत. त्यानं ओंजळभर माती उचलली आणि साहेबाच्या खांद्यावर टाकली. मातीतल्या कुस्तीत तशी पद्धत आहे, पकड बसावी म्हणून. मान-सोकला वाटलं, अंगावर माती फेकली. त्यानं भडकून दोन्ही हातांनी संपतवर माती फेकली. आणि पद्धतही नेमकी तीच होती! ह्याला कसं ठाऊक, म्हणून लोक एकमेकांकडं बघू लागले.

कुस्ती लागली. मान-सोकनं दुसऱ्याच श्वासाला पट काढून संपतला तोंडावर पाडलं. एक गुण, मी मोजलं. मान-सोक उठला आणि पंचांकडं बघू लागला. पंच तंबाखू मळत होते. इथं गुण नसतात, मित्रांनो. पाठ मातीला लागेपर्यंत कुस्ती चालते, मग दहा मिनिटं लागोत नाहीतर तास. संपतनं मागून झडप घातली. मान-सोक सुटला, पुन्हा पट, पुन्हा संपत पोटावर. दोन. तीन. चार. सात वेळा त्यानं त्याला खाली घेतला. मॅटवर असता तर माणसं उभी राहिली असती. इथं शिट्ट्या वाजत होत्या. "आरं, पाडतुय नुसता! चीत कर की!" मी बॉनेटवर ओरडत होतो, सात-शून्य, सात-शून्य! बुटाचं ऐकतो कोण?

विसाव्या मिनिटाला मान-सोकचं तोंड उघडं पडलं. जन्मभर तो पाच मिनिटांच्या हिशेबानं श्वास घ्यायला शिकला होता. गुडघा लटपटायला लागला. संपत मातीतलाच, त्याला कसली घाई! त्यानं साहेबाला खाली दाबून धरला, घिस्सा डाव घातला आणि पूर्ण जोर लावला. मान-सोक उताणा झाला. दोन्ही खांदे मातीला लागले.

हलगी, शिट्ट्या, उडालेले फेटे. संपतला खांद्यावर घेऊन लोक नाचायला लागले. मान-सोक तसाच आभाळाकडं बघत पडून राहिला. मग उठला आणि जीपकडं आला. त्याचं सगळं अंग लाल झालं होतं. मला वाटलं, आता मला आपटणार. त्यानं ओलं फडकं घेतलं आणि आम्हा दोघांना पुसलं. सामन्याच्या दिवशी पुसायचा तसं, नीट, शिवणीशिवणीतून. मग आम्हाला हातात घेऊन तो हौदात उतरला, मधोमध बसला आणि आम्हाला शेजारी शेजारी ठेवलं. वाकून त्यानं मातीला नमस्कार केला.

हलगी थांबली.

ही शांतता मी इतकी वर्षं ऐकायची वाट बघत होतो. मला वाटलं, आता सगळे उभे राहणार.

"मातीत बूट ठिवला!" कुणीतरी किंचाळलं. "मातीत बूट ठिवला रं भडव्यानं!"

पुढचं मी सांगतो तेवढ्यावर विश्वास ठेवा. ढेकळं आली, चपला आल्या, एक पाण्याची कळशी आली. हौसराव धावत आले. त्यांनी काठीच्या टोकानं मला उचलून हौदाबाहेर भिरकावलं आणि माझ्यामागून उजव्याला. मान-सोक गेला, आम्हाला घेऊन आला आणि पुन्हा मधोमध ठेवलं. वस्तादांनी पुन्हा भिरकावलं. तो पुन्हा गेला. त्याला वाटत होतं, या लोकांना अजून कळलेलं नाही. लोकांना वाटत होतं, हा मुद्दाम करतोय. तिसऱ्या वेळी काठी त्याच्या मनगटावर बसली. हाड वाजलं ते मला ऐकू आलं. त्यानं हात मागं घेतला नाही. माझी लेस एका बाजूला पडली होती, ती सरळ केली.

स्वप्नाली जीपच्या पायरीवर चढून ओरडत होती. "वस्ताद, मारू नका! त्यांनी कुस्ती सोडलीय! त्यांच्याकडं कुस्ती सोडताना बूट ठेवून जातात. मान आहे तो, अपमान नाही!"

"त्येंच्याकडं ठिवावं मग!" हौसराव गरजले. "आमच्याकडं बूट मारत्यात, ठिवत न्हाईत!"

तेवढ्यात संपत खांद्यावरून खाली उडी मारून मध्ये आला. "सायबाला हात लावायचा न्हाई," तो म्हणाला. "माजी कुस्ती झालीया त्येच्यासंगं." त्याला साहेबाबद्दल प्रेम होतं असं समजू नका. साहेबाकडं त्यानं पाहिलंसुद्धा नाही. पण लोक मागं सरले आणि मान-सोक मधून चालत गेला, अनवाणी, सुजलेला हात छातीशी धरून. लोक त्याच्या पायाशी थुंकत होते. रीतीप्रमाणे मागं बघायचं नसतं आणि त्यानं पाहिलं नाही. मला वाटत होतं, एकदा बघावं. रीत गेली खड्ड्यात, एकदा तरी बघायला हवं होतं त्यानं. मला फार वाईट वाटलं.

जीप गेल्यावर हौसरावांनी आम्हाला काठीनं ढकलत बाभळीखाली आणलं. "ह्येंना कुणी हात लावायचा न्हाई," असं बजावलं. मग हौदाच्या मधली माती बाटली म्हणून त्यांनी फावड्यानं खणून काढली आणि तीन घमेली भरून आमच्यावर आणून ओतली. तिच्या जागी नवी माती घातली, ताक शिंपडलं, हळद टाकली, नारळ फोडला. आम्ही कमरेपर्यंत लाल मातीत रुतून सगळं बघत होतो. शेळीनं येऊन उजव्याची लेस खाल्ली. पाटसच्या कारखान्याकडं उसाच्या ट्रॉल्या जायला लागल्या की त्यांची धूळ आमच्यावर बसायची. मी रोज हौसरावांना शाप द्यायचो. ते रोज तालमीत पोरांना शिव्या द्यायचे. असे आम्ही एकमेकांच्या संगतीत दिवस काढत होतो.

महिन्याभरानं संपत आला. हातात पाण्याची बादली, कपड्याचा साबण आणि नवी पिशवी. गुडघ्यावर बसून त्यानं मला मातीतून उपसलं. तेवढ्यात तालमीच्या दारातून हौसराव बाहेर आले.

"काय चाललंय?"

"वस्ताद, त्ये बूट." संपत ओशाळून म्हणाला. "धुतू आन् घरात ठिवतू. जत्रंत मिळाल्याल्या ढालीशेजारी. सायेब गेला त्येच्या देशाला. जाताना ह्येला परत कामावर घ्या म्हनून माजं नाव गेटावर लिवून गेला. म्याडमनी समदं सांगितलं मला. लई मोठा पैलवान हुता म्हनं. त्येला शेवटची कुस्तीच दिली न्हवती त्येच्या लोकांनी. कागूद लावून घालावला."

हौसराव माझ्याकडं बघत राहिले. माझाही राग डोक्यात होता, मीही बघत राहिलो.

"ठिव खाली," ते म्हणाले.

"वस्ताद, आता तरी..."

"ठिव म्हंतो न्हवं! तीन डाव ठिवलं त्यानं. काठी खाल्ली, तरी ठिवलं. पैलवानानं ठिवल्यालं हाय त्ये. उचलनारा तू कोन?"

"पर हितं उकिरड्यावर पडल्यात की वो."

"डोळं फुटलं का तुजं?" हौसराव ओरडले. "उकिरडा न्हाई त्यो. हौदाची माती हाय ती."

एवढं बोलून ते बाजूला थुंकले आणि शिव्या देत आत निघून गेले. संपतनं मला होतं तिथं परत ठेवलं, उजव्याच्या शेजारी. साबण आणि बादली घेऊन तो गेला.

मित्रांनो, अशा गोष्टीच्या शेवटी म्हणायचं असतं की आम्हाला जपा, पुसा, कपाटात ठेवा. मी तसं म्हणणार नाही. तुमच्या घरात कुणी पंचवीस-तीस वर्षं काम करून परत आलं असेल, कागद लावून घालवलेलं असेल, तर त्याला शेवटी काय करायचं होतं ते एकदा विचारा, आणि करू द्या. आमच्या बाजूला आलात तर लांबून जा. मला पुसू नका, उचलू नका, उजव्याची लेस बांधू नका. कुणी विचारलं तर एवढंच सांगा, हे बूट एका पैलवानानं इथं ठेवलेत.